जुन्या फियाटला एनसी मारू की टूके? नियम, रंग आणि आमचे मिस्त्री

राजारामपुरी_नववी_गल्ली

नमस्कार मंडळी,

वडिलांनी घेतलेली १९६८ ची फियाट डिलाइट अकरा वर्षं आमच्या बोळात ताडपत्रीखाली उभी होती. मागच्या दिवाळीत ती बाहेर काढली. इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरात बांधून झालं, सडलेला पत्रा कापून नवा जोडला, दारं आता एका बोटानं लागतात. गाडी अडलीय ती रंगाशी. रंगाचं काम मला वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आधी गाडीवर काय होतं ते सांगतो. डिकीच्या झाकणाचा एक कोपरा मी स्वतः पाण्याच्या पेपरनं घासत बसलो. तळहाताएवढ्या जागेत एकाभोवती एक कडी उमटत गेली. वर पांढरा सिंथेटिक, बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत मारून घेतलेला. त्याखाली क्रीम. त्याखाली कागदाइतका पातळ फिकट निळसर राखाडी, मग विटकरी प्रायमर आणि पत्रा. मला आठवते ती गाडी क्रीम रंगाचीच. वडिलांना बोलावून कोपरा दाखवला. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हाच. घरी आणली तेव्हा हाच होता." ग्लोव्ह बॉक्सच्या मागच्या बाजूला तो राखाडी अजून जसाच्या तसा आहे.

आमच्या पेंटर मिस्त्रींनी चिंधीला थिनर लावून त्या राखाडीवर टेकवली. रंग चिंधीवर उतरला. म्हणजे एनसी, नायट्रोसेल्युलोज. आपल्याकडं ज्याला सगळे सरसकट 'डुको' म्हणतात तो. (डुको हे मुळात अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीच्या रंगाचं नाव. १९२४ मध्ये तो ओकलंड गाडीवर आला आणि आठवडेच्या आठवडे चालणारं गाडी रंगवण्याचं काम तासांवर आलं. कंपनीचं नाव लोक विसरले, रंगाचं नाव गॅरेजांत राहिलं.)

माझ्या मनात एनसीच होता. पण लक्ष्मीपुरीतल्या दोन दुकानांत ग्लोव्ह बॉक्सचं झाकण घेऊन गेलो तर दोघांनीही ही शेड एनसीत करून द्यायला नकार दिला. पांढरा, काळा, सरफेसर (रंगाखाली द्यायचा भरणीचा थर) मिळेल म्हणाले. शेड जुळवायची तर कॉम्प्युटरवरचे फॉर्म्युले टूकेचे (हार्डनर मिसळून मारायचा रंग) किंवा बेसकोटचे (ज्याच्यावर वेगळा पारदर्शक क्लिअर मारावा लागतो तो). एक दुकानदार म्हणाला, "साहेब, बाहेरच्या देशांत बंद झालं की कंपन्या तिकडच्या रंगाचं पुस्तक काढतात, आणि तेच पुस्तक आपल्याकडं येतंय."

तेव्हापासून मी नियम वाचत बसलोय. समजलं ते असं. थिनर उडतो म्हणजे तो नाहीसा होत नाही, हवेत जातो. या उडणाऱ्या द्रव्यांना व्हीओसी म्हणतात. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे वायू आणि ऊन यांच्याबरोबर मिळून त्यांचा जमिनीलगतचा ओझोन होतो. वर आकाशात आपल्याला सांभाळणारा ओझोन खाली श्वासाला त्रास देतो. म्हणून युरोपनं २००४ साली कायदा केला आणि १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या वरच्या रंगाला वापरायला तयार अवस्थेत लिटरमागं ४२० ग्रॅम व्हीओसीची मर्यादा घातली. गनमधून उडेल इतका पातळ केलेला एनसी लिटरमागं ७०० ग्रॅमच्याही पुढं जातो. तो त्या मर्यादेत बसूच शकत नाही, कारण पातळ केल्याशिवाय तो गनमधून नीट उडतच नाही.

आमच्या गाडीचा हिशेब मांडून बघितला. एनसीचे सात-आठ हात मारायचे तर रंग आणि थिनर मिळून साधारण नऊ लिटर. म्हणजे सहा किलोच्या वर द्रव्य हवेत, शिवाय गन धुतलेला थिनर वेगळा. टूकेचे दोन-तीन हात, साडेतीन-चार लिटर, म्हणजे मर्यादेतला रंग घेतला तर दीड-पावणेदोन किलो. फरक मोठा आहे आणि तो मला पटला.

पण दुसरी बाजू माझ्या समोर बसलेली आहे. आमचे मिस्त्री चाळीस वर्षं गाड्या रंगवतात. पहिली पंचवीस वर्षं एनसी आणि सिंथेटिक, तोंडाला ओला रुमाल बांधून. मग टूके आला, आणि रुमाल तोच राहिला. गेली पाच-सहा वर्षं कुठंही टूके चालू असेल तर त्यांची छाती आवळते. आमच्या गाडीचं नुसतं दार रंगवायला पुतण्यानं हार्डनर मिसळला, तर मिस्त्री रस्त्याच्या पलीकडं कट्ट्यावर जाऊन बसले. टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं, छाती धरणारं रसायन असतं, एनसीत ते नसतं. म्हणजे शहराच्या हवेला हलका असलेला रंग आमच्या मिस्त्रींच्या छातीला जड आहे, आणि हवेला जड असलेला रंग ते अजून मारू शकतात.

तर प्रश्न असे: कोल्हापुरात आज एनसी मारायला कायद्यानं काही आडकाठी आहे का? व्हिंटेज नोंदणीत रंगाचा प्रश्न येतो का? आणि कुणी जुन्या गाडीला सिंगल स्टेज (वर वेगळा क्लिअर नसलेला) टूके मारून तिचा जुनेपणा राखलाय का? फोटोपेक्षा अनुभव लिहा.

---

जावा२५०

भावा, एनसीच मार. मी माझी १९६७ ची जावा एनसीत केली, शेड पुण्याहून हातानं जुळवून आणली. एनसीचा नवा हात खालच्या हाताला विरघळवून त्यात मिसळतो, दोन्हींचा एक थर होतो. उद्या टाकीला ओरखडा आला तर तेवढीच जागा घास, दोन हात मार, कंपाउंडनं पॉलिश कर, जोड शोधून सापडणार नाही. टूकेत दुरुस्तीची कड दिसतेच. वर्षं गेली की एनसीची चमक हळूहळू मऊ पडते, पॉलिशला पुन्हा उठते. जुन्या गाडीच्या अंगावर जी झळाळी असते ना, आतून आल्यासारखी, ती त्याच्यामुळं. टूके मारलेली जुनी गाडी नवीन भांड्यासारखी दिसते.

नियम मोठ्या कंपन्यांना लावा की. वर्षाला हजारो गाड्या रंगवणारे ते, आणि आयुष्यात एक गाडी रंगवणारा मी. दोघांना एकच माप लावणं मला अन्याय वाटतो.

---

हवापाणी

पर्यावरणाच्या परवानग्यांचं काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

आपल्याकडं युरोपसारखा, गाडी पुन्हा रंगवायच्या (रिफिनिश) रंगाच्या डब्यावर लिटरमागं ग्रॅमची मर्यादा घालणारा कायदा नाही. रंगाबद्दलचा आपला ठळक नियम शिशाचा आहे. तो २०१६ साली आला, १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९०. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, गाडीचा रंग त्यात येत नाही. तेव्हा एनसी मारला म्हणून तुमच्यावर कुणी कारवाई करणार नाही.

नियम आहेत ते जागेला आणि कचऱ्याला. उद्योगांच्या प्रदूषणानुसार केलेल्या २०१६ च्या वर्गीकरणात गाड्यांची दुरुस्ती आणि रंगकाम करणारं गॅरेज नारंगी वर्गात धरलंय. म्हणजे हवा आणि पाणी कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. रंगाचा गाळ, वापरलेलं सॉल्व्हंट, रंग लागलेले रिकामे डबे हे २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतात. ते महापालिकेच्या घंटागाडीत टाकायचे नसतात. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं केंद्र आपल्याला जवळचं म्हणजे रांजणगावचं. एकटं छोटं गॅरेज तिथवर कचरा पाठवू शकत नाही हे मलाही दिसतं. दहा-बारा जणांनी मिळून डबे साठवले तरच ते जमेल.

आता जावा२५० यांच्या मुद्द्याबद्दल. एकट्या हौशी माणसाला मोठ्याचं माप लावू नये, हे कायदे करणाऱ्यांनाही सुचलेलं आहे. अमेरिकेत २००८ चा जो नियम आहे, त्यात रंगात क्रोमियम, शिसं, मँगनीज, निकेल, कॅडमियम असेल तर गाळण लावलेला बूथ, कमी दाबाची एचव्हीएलपी गन आणि पेंटरचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. पण वर्षाला स्वतःच्या दोनपर्यंत गाड्या रंगवणाऱ्या हौशी माणसाला त्यातून वगळलंय. युरोपच्या कायद्यातही जुन्या गाड्यांसाठी खिडकी आहे. ऐतिहासिक आणि सांस्कृतिक महत्त्वाच्या म्हणून ठरवलेल्या गाड्या आणि इमारतींसाठी, अगदी मोजक्या प्रमाणात, मर्यादेबाहेरचा रंग विकायला आणि घ्यायला सुटा परवाना देता येतो.

पण एक गोष्ट त्यांनी स्वतःला विचारावी. राजारामपुरीच्या बोळात गाडी रंगवताना उडणारा थिनर हौशी माणसाचा म्हणून शेजारच्या खिडकीतल्या बाळाला कमी लागतो का? सूट मिळाली तरी जागा निवडण्याची जबाबदारी आपलीच राहते.

---

एमएच०९

व्हिंटेज नोंदणीचं सांगतो, मी नुकतीच केली. जुलै २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणं पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज धरतात. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. नंबरात 'व्हीए' येतं. गाडी मूळ रूपात हवी. मोठा फेरफार म्हणजे चासी, बॉडी शेल किंवा इंजिन बदलणं असं नियमात आहे, रंग कुठल्या रसायनाचा ते कुणी विचारत नाही. मात्र तुमच्या आरसीवर आता क्रीम किंवा पांढरा लिहिलेला असणार. राखाडी करणार असाल तर आधी त्याची नोंद करून घ्या, नाहीतर तपासणीला खेटे पडतील. आणि एकदा व्हिंटेज नोंद झाली की गाडी रोज भाजी आणायला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यालाच. वडिलांना रोज फिरवायचं असेल तर घाई करू नका.

---

मंगळवारपेठ_माहेर

मी गाड्यांतली नाही. धाग्यात मिस्त्रींचं वाचलं म्हणून लिहितेय.

माझे वडील पेंटर होते. मंगळवार पेठेत घराच्या खालीच गॅरेज. आमच्या जिन्याला कायम थिनरचा वास, आणि आम्हा भावंडांना तो वास म्हणजे बाबा घरी आहेत. ते घरी आले की आई त्यांचे कपडे आमच्या कपड्यांत टाकू द्यायची नाही, वेगळ्या बादलीत भिजवायची. तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. जुना रंग कोरडा घासल्यावर जी लालसर पिवळी धूळ पडते ती लेकरांच्या अंगाला लागू नये एवढं तिला कळत होतं. पुढं मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि लाल शिसं काय असतं ते वाचलं, तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. ज्याला आपण शेंदूर म्हणतो तेच ते. जुन्या प्रायमरमध्ये ते असायचं, आणि जुन्या पिवळ्या, केशरी, लाल रंगांत शिशाचं क्रोमेट.

बाबांना शेवटची नऊ वर्षं दमा होता. डॉक्टरांनी काम विचारलं तेव्हा ते "गाड्या रंगवतो" म्हणाले, आणि डॉक्टरांनी मान हलवली. कुठल्या रंगानं, कुठल्या वर्षापासून, कोणीच विचारलं नाही. आम्हीही नाही.

राजारामपुरी, तुमचे मिस्त्री कट्ट्यावर जाऊन बसतात ते बरोबर करतात. त्यांना त्या रंगाजवळ परत आणू नका, मास्क देऊनसुद्धा नका. एकदा आयसोसायनेटचं वावडं शरीराला जडलं की मग अगदी थोड्यानंही अटॅक येतो. आणि वास गेला म्हणजे हवा साफ झाली असं धरू नका. आयसोसायनेटचा वास यायला लागतो तोवर ते सुरक्षित प्रमाणाच्या कितीतरी वर गेलेलं असतं. आपल्याला येतो तो वास थिनरचा.

---

उद्यमनगरकर

ताईंनी लिहिलंय त्यातला शब्दन् शब्द खरा. मी स्वतः रंगारी आहे, वय ३८, बूथ आहे माझ्याकडं. तर कामाचं बोलतो.

पहिलं. दादा, तुमच्या गाडीवर वर सिंथेटिक आहे आणि तुम्ही एनसी म्हणताय. सिंथेटिकवर एनसी कधीच मारू नका. एनसीचा थिनर तिखट असतो, खालचा सिंथेटिक फुगतो आणि सगळ्या बॉनेटवर भज्यासारखे फोड उठतात. तिथं परत पत्र्यापर्यंत यावं लागतं. एनसी मारायचा तर आधी सगळं खरवडा.

दुसरं, पाऊस. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात एनसी मारणं म्हणजे रंगाचं वाटोळं. थिनर झटक्यात उडतो, पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं आणि रंग दुधासारखा पांढरा होतो. थिनर सावकाश उडू देणारा रिटार्डर घालून थोडं निभावतं, पण आपल्या आषाढात नाही निभावत. पाण्यावरचा बेसकोट म्हणाल, जो तिकडं आता चालतो, तर त्यालाही हीच हवा आडवी येते. त्याला गरमीपेक्षा वारा लागतो, आणि दमट हवेत तो सुकता सुकत नाही. बूथमध्ये ब्लोअर लावून मी मारलाय. चांगला बसतो. पण त्याच्यावरचा क्लिअर शेवटी टूकेच असतो, म्हणजे मास्कची कटकट सुटत नाही.

तिसरं, तुमच्या गाडीला बेसकोट-क्लिअर शोभणार नाही. वर काच बसवल्यासारखी दिसेल. सिंगल स्टेज टूके घ्या, दोनच हात, क्लिअर नको. पंधरा दिवस मुरू द्या. मग २००० चा पेपर पाण्यातून हलका फिरवा आणि हातानं पॉलिश करा, मशीन लावू नका. मी एका जुन्या अँबेसिडरला असं केलंय. मालकाच्या वडिलांनी बोट फिरवलं आणि "डुको मारलास का रे" म्हणाले. जावावाल्या भावांना मी मानतो, एनसीचा जोड मिसळतो तसा टूकेचा मिसळत नाही, हे शंभर टक्के. पण झळाळी हातात असते, डब्यात नाही.

चौथं आणि मोठं. मी हवेच्या नळीचा मास्क वापरतो. बाहेरची स्वच्छ हवा नळीनं तोंडापर्यंत येते. कोळशाचा मास्क टूकेला पुरत नाही, तो कधी संपला ते कळत नाही. पण रंगाच्या कॉम्प्रेसरची हवा सरळ मास्कला जोडू नका, त्यात तेल असतं. श्वासाचा फिल्टर वेगळा लागतो. माझ्या पोरांना मी सांगून ठेवलंय, गन थांबली तरी मास्क काढायचा नाही. बूथ रिकामा व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ थांबायचंच.

घासलेलं पाणी आधी मीही गटारात सोडायचो. आमच्याकडचं गटार जयंती नाल्याला आणि नाला पंचगंगेला. आता दोन पिंपं ठेवलीत. पाणी रात्रभर बसतं, वरचं निवळ परत घासायला घेतो, तळाचा गाळ बंद डब्यात. गन धुतलेला थिनरही तसाच निवळून पहिल्या धुण्याला वापरतो. थिनरचा खर्च निम्म्यावर आला, हे कुणी आधी सांगितलं असतं तर दहा वर्षं आधी केलं असतं.

---

नेकारकाठचा

मूळचा कागलचा, बारा वर्षं श्टुटगार्टजवळ. इकडचा अनुभव.

जर्मनीत ३० वर्षं जुनी, मूळ अवस्थेत राखलेली गाडी तज्ज्ञाच्या दाखल्यानं एच नंबरची, म्हणजे ऐतिहासिक गाडी म्हणून नोंदलेली होते. इथल्या ज्या दोन कार्यशाळांत मी शनिवारी जाऊन बसतो, तिथं हवापाणी यांनी सांगितलेली परवान्याची खिडकी मी कुणाला उघडताना पाहिली नाही. ती संग्रहालयाच्या तोडीच्या गाड्यांसाठी. बाकी सगळे ४२० च्या आतला सिंगल स्टेज टूके मारतात, अगदी उद्यमनगरकरांनी सांगितला तसाच. वेगळेपणा दिसतो तो माणसाच्या बाबतीत. २४ ऑगस्ट २०२३ पासून युरोपात, ज्या मालात मोकळं डायआयसोसायनेट ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आहे तो हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. डब्यावरच तशी सूचना छापलेली असते. म्हणजे मूळ धाग्यातली जी विसंगती आहे, हवेला हलका पण छातीला जड, ती इथल्या लोकांनाही दिसली. फक्त हवेचा नियम २००७ ला आणि माणसाचा २०२३ ला. मधली सोळा वर्षं कुणाच्या तरी छातीवरून गेली.

आणखी एक, पिवळ्या आणि लाल गाड्यावाल्यांसाठी. शिशाच्या क्रोमेटचे रंग युरोपात २०१५ च्या मे महिन्यापासून खास परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. त्या पिवळ्याची झाकणी जबरदस्त होती, दोन हातांत खालचं सगळं बंद. आताचे सेंद्रिय पिवळे पारदर्शक असतात, खाली पांढरा किंवा पिवळट सरफेसर द्यावा लागतो, नाहीतर तीच शेड मळकट दिसते. फॉर्म्युला बरोबर आणि गाडी चुकीची असं झालं तर आधी खालच्या थराकडं बघा.

---

जावा२५०

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एनसी मारताना माझ्या मिस्त्रींनी काय बांधलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. आठवत नाही. बघितलंच नव्हतं.

एनसीत आयसोसायनेट नाही हे खरं असलं तरी थिनरमध्ये टोल्युइन असतं, तेही काही साधं नाही. मी एनसीच्या बाजूचाच आहे, मोडलेलं दुरुस्त करता येणारी वस्तू मला न दुरुस्त होणाऱ्यापेक्षा कधीही जवळची. पण बोळात मारा असं आता म्हणणार नाही. कोल्हापुरात वर्षाला अशा गाड्या निघून निघून किती निघणार? शाही दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक गाडी बघायला गर्दी करणारं गाव आहे हे, जुन्या गाडीवर माया आहे इथं. आपण सगळ्यांनी मिळून उद्यमनगरकरांचा बूथ वापरला, डबे एका ठिकाणी साठवले, तर मोजक्या एनसीचंही काम नीट होईल. मी पहिला येतो.

राजारामपुरी, एक विनंती. तो मूळ राखाडी सगळा खरवडू नकोस. कुठंतरी ठेव.

---

पन्हाळारोड

जावाभाऊंना अनुमोदन. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, फिवाच्या, ट्युरिन सनदेचा सूरही तोच आहे: नवं करण्याआधी आहे ते टिकवा. ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा भाग झाकून ठेवा आणि कशावर काय मारलं ते तारखेसकट वहीत लिहा. पुढच्या माणसाला चिंधी टेकवून शोधायला लागू नये.

---

राजारामपुरी_नववी_गल्ली

बऱ्याच दिवसांनी येतोय. गाडी झाली.

आरसीवर रंगाची नोंद आधी करून घेतली, एमएच०९ यांचे आभार. पाऊस सरेपर्यंत थांबलो. तोवर जुना रंग ओलाच घासला, एकदाही कोरडा पेपर लावला नाही, हीट गन तर नाहीच. घासलेलं पाणी दोन पिंपांत. तळाला बसलेला विटकरी गाळ बघितल्यावर आमच्या आईनं अंगणातलं खेळणं बंद करून नातवंडांना गच्चीवर पाठवलं.

एनसीचा हट्ट सोडला. मनापासून सांगतो, सोपं गेलं नाही. पण मिस्त्रींनीच निकाल दिला. म्हणाले, "एनसी मी मारीन, पण माझ्यानंतर या गाडीला हात लावणारं पोरगं एनसी शिकलेलं नसणार. जे दुरुस्त करणारा मिळेल ते मारा." जावाभाऊ, तुमचाच मुद्दा, फक्त दुसऱ्या बाजूनं आला.

तर सिंगल स्टेज टूके, उद्यमनगरकरांच्या बूथमध्ये. गन पुतण्याच्या हातात, तोंडावर नळीचा मास्क. मिस्त्री बूथमध्ये गेलेच नाहीत. बाहेरच्या खोलीत, बंद काचेच्या या बाजूला, स्टुलावर बसले. आतला आवाज ऐकू येत नाही, म्हणून दोघांनी खुणा ठरवल्या होत्या. तळहात खाली म्हणजे गन पत्र्याजवळ घे, बोट फिरवलं म्हणजे वेग वाढव, मूठ म्हणजे थांब. डाव्या मडगार्डच्या गोलाईवर पुतण्या रेंगाळला आणि ओघळ यायच्या आधी मिस्त्रींची मूठ काचेवर आपटली. तो थांबला. चाळीस वर्षांचं काम मी त्या काचेतून बघितलं.

राखाडी सात ठिकाणी सरफेसरच्या पाट्यांवर मारून बघितला, चौथी पाटी घेतली. ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा मूळ रंग झाकून ठेवलाय, आणि डिकीच्या झाकणाचा तो घासलेला कोपराही आतल्या बाजूनं तसाच सोडलाय, सगळ्या कड्यांसकट. त्याच्यावर फक्त मेण. वही केलीय, पन्हाळारोड.

दसऱ्याला झेंडूची माळ घालून वडिलांना पुढं बसवलं आणि रंकाळ्याला एक फेरी मारली. ते काही बोलले नाहीत. उतरताना दाराच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले, धूळ नसतानाही.

ताई, मिस्त्रींना छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. या वेळी कामाचं सगळं लिहून नेलं होतं, कुठलं रसायन, किती वर्षं, कधी त्रास होतो. डॉक्टरांनी कागद ठेवून घेतला.

डबे सध्या उद्यमनगरकरांकडं साठवतोय, अकरा झालेत. हवापाणी, रांजणगावला पाठवायचे कागद कसे करायचे ते सांगाल का? सहा जण तयार आहेत.

जावाभाऊ, राखाडीतला दीड लिटर उरलाय, हार्डनर न घातलेला. साइड पॅनलला उपयोगी पडत असेल तर शनिवारी या, मिस्त्री दुपारी चारनंतर असतात.